‘गरोदर आहेस ना, मग तूच राजीनामा दे’ : त्या पोस्टला उत्तर

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ‘‘मावशी, राजीनामा टाइप केलाय. एकदा शुद्धलेखन बघतेस का?’’ सहावा महिना चालू आहे तिला. चाकणला एका गोदामात पॅकिंगच्या कामावर आहे, कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर, दोन वर्षं होत आली. कुणी काढलं का, तर नाही. सुपरवायझर इतकंच म्हणाला होता, ‘‘ताई, तुम्हीच लिहून द्या, बाळंतपण झालं की परत घेऊ.’’ बाकीचं काम आमच्या घरच्याच ग्रुपवर आलेल्या एका पोस्टने केलं. टाकणारा आमचा दादा, म्हणजे तिचा मामा. वर हिरव्या टिकांची रांग, खाली ‘प्रत्येक मुलीच्या आईपर्यंत पोहोचवा’.

पोस्टचं नाव ‘नोकरी करणाऱ्या मुलींनो, कायद्याचं सत्य ओळखा’. दावे सहा. प्रसूती रजा फक्त सरकारी आणि कायम नोकरीत मिळते. प्रोबेशनवर किंवा कंत्राटावर असताना दिवस गेले तर कंपनी हवं तेव्हा काढू शकते. मुलाखतीत किंवा तीन महिन्यांच्या आत गरोदरपण सांगितलं नाही तर ती फसवणूक, ‘४२० लागते’. म्हणून आपणहून राजीनामा द्यावा, अनुभवाचा दाखला तरी हाती येतो. तिसऱ्या मुलाला काहीच मिळत नाही. आणि शेवटी, या कायद्यामुळेच कंपन्या मुलींना घेत नाहीत.

मी वकील नाही. पण पिंपरीत एका कामगार वकिलांच्या ऑफिसात एकोणीस वर्षं टायपिंग केलं आहे. असल्या प्रकरणांचे अर्ज याच बोटांनी टाइप केलेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिल्या दोन दाव्यांना फार वेळ देत नाही. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ चा. ज्या दुकानात, कारखान्यात, ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे तो लागू होता, मालक सरकार असो की शेठ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण दहा माणसांची अट, २६ आठवडे, सगळं तसंच आलं. बाईसाठी अट एकच आहे : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. कायम, हंगामी, कंत्राटी असा शब्द त्या अटीत नाही. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या, रस्त्याचं काम करणाऱ्या रोजंदारीच्या बायकांना सुप्रीम कोर्टाने हा हक्क २००० सालीच दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्याच एका कंत्राटी डॉक्टरीणबाईंचा निकाल लागला. त्यांनी रजा मागितली १ जून २०१७ पासून, करार संपत होता ११ जूनला. रुग्णालयाचं म्हणणं, अकरा दिवसांचेच पैसे देऊ. कोर्टाने सांगितलं, ८० दिवसांची अट पुरी झाली की लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, करार मध्येच संपला म्हणून लाभ संपत नाही. दादाने टाकलेल्या पोस्टच्या पहिल्या दोन टिका इथेच पुसल्या जातात.

आता तिसरा दावा. सगळ्यात घाणेरडा हाच, कारण माझी भाची घाबरली ती याला. ‘‘मावशी, मी चौथा संपेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पोलीस येतील का गं?’’ गोदामात उभं राहून दिवसाला शेकडो खोकी चिकटपट्टीने बंद करणारी मुलगी रात्री पोटावर हात ठेवून हे विचारते, तेव्हा ती पोस्ट लिहिणाऱ्याचा राग येतो आणि न वाचता पुढे ढकलणाऱ्याचा त्याहून जास्त.

‘४२०’ हे कलमच आता चालू नाही. जुनी दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ते सोडा, फसवणूक म्हणजे काय याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच देऊन ठेवलं आहे. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ. आमच्या वकीलसाहेबांनी या निकालाची झेरॉक्स इतक्यांदा काढायला लावली की तारखा मला पाठ आहेत.

या बाई सप्टेंबर १९८९ मध्ये महामंडळात लागल्या, प्रोबेशनवर. लागण्याआधी एक जाहीरनामा भरून घेतला होता. त्यात काय विचारलं होतं? पाळी नियमित येते का, दुखते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा दिवस राहिले, गर्भपात झाला का. नोकरीच्या अर्जात! त्यांना महामंडळाच्याच यादीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून कामाला योग्य ठरवलं होतं. डिसेंबरमध्ये त्या रजेवर गेल्या, ११ जानेवारी १९९० ला बाळंत झाल्या आणि १३ फेब्रुवारीला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. महिन्याभराचं बाळ मांडीवर होतं. नंतर महामंडळाने कारण पुढे केलं ते हेच : पाळीची तारीख खोटी लिहिली, गरोदरपण लपवलं.

कोर्टाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. खोट जाहीरनामा भरणाऱ्या बाईत नाही, असले प्रश्न विचारणाऱ्या जाहीरनाम्यातच आहे, असं कोर्टाचं म्हणणं होतं. हे प्रश्न लाजिरवाणे, अपमानास्पद आहेत, ते रकाने काढून टाका असा आदेश झाला. म्हणजे पोस्ट ज्याला बाईचा गुन्हा म्हणते, त्यात कोर्टाने मालकाची चूक धरली. आणि त्या बाई प्रोबेशनवर होत्या हे पुन्हा सांगते.

राहिली ‘तीन महिन्यांच्या आत कळवा’ ही अट. ती मला तरी कायद्यात सापडली नाही. रजेची नोटीस द्यायची असते, ती रजेवर जाताना. रजाही प्रसूतीच्या फार तर आठ आठवडे आधीपासून मिळते. नोटीस द्यायची राहून गेली तर बाळंतपणानंतर देता येते. कायदा लिहिणाऱ्यांना बाळंतीण कशी असते हे माहीत होतं.

चौथा दावा वाचायला काळजीचा वाटतो, आणि नुकसान सगळ्यात जास्त तोच करतो. आमच्या ऑफिसात बायका यायच्या त्या पिशवीतून कागद काढायच्या : नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, सोनोग्राफीची फाइल आणि राजीनाम्याची प्रत. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळ्या साली, पण राजीनामा बहुतेक एकाच वळणाचा. टाइप केलेला, खाली बाईची सही, तारखेची जागा पेनाने आणि वेगळ्या शाईत भरलेली. मजकूर ठरलेला : ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ स्वखुशीने हा शब्द कधी चुकला नाही. एका बाईंचं नाव त्यात चुकीचं होतं, खाडाखोड करून वर दुरुस्त केलं होतं. स्वतःचा राजीनामा स्वतः लिहिणारी बाई स्वतःचं नाव चुकेल का?

हा कागद मालकाला का हवा असतो ते समजून घ्या. गरोदरपणामुळे किंवा प्रसूतीच्या रजेवर असताना बाईला काढणं बेकायदा आहे. काढलंच, तर गंभीर गैरवर्तनाचं कारण सोडून, तिचा प्रसूती लाभ बुडत नाही, आणि हुकूम मिळाल्यापासून ६० दिवसांत तिला दाद मागता येते. पण राजीनामा असला की मालक म्हणतो, आम्ही काढलंच कुठे? मग आधी तो कागद दबावाने घेतला हे बाईने सिद्ध करायचं, आणि मूळ तक्रार त्याच्या मागे रांगेत. ‘परत घेऊ’ हे तोंडी असतं, राजीनामा लेखी असतो. अनुभवाच्या दाखल्यासाठी हा सौदा करा असं ज्याने लिहिलं, त्याने मालकाचं काम फुकटात केलं आहे.

तिसऱ्या मुलाचं एका ओळीत : दोन मुलं हयात असतील तर २६ ऐवजी १२ आठवडे मिळतात. कमी मिळतात, पण ‘काहीच नाही’ हे खोटं.

शेवटच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे. कबूल करायला जड जातं, तरी करते. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, आणि जिथे राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय लागू नाही तिथे तो सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. लहान धंदेवाले नव्या लग्नाच्या मुलीला घेताना कचरतात, हे मी कानांनी ऐकलं आहे. हा प्रश्न आजचा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असंही सांगितलं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. भार कुणी उचलावा याची तक्रार मालकाने सरकारकडे न्यावी, त्यासाठी सरकारशी भांडावं. सहाव्या महिन्यातल्या पोरीकडून सही घेणं हे त्याचं उत्तर होत नाही.

आणि ज्या पगाराच्या मुलींना ही पोस्ट घाबरवते, त्यांच्यापैकी पुष्कळ ईएसआयमध्ये असतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू होतं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. मी भाचीला म्हटलं, पगाराची स्लिप काढ आणि फोटो पाठव. पगार १८,४००. कपातीच्या रकान्यात ईएसआय, १३८ रुपये. दोन वर्षं दर महिन्याला तिने हे पैसे भरले आणि कशाचे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या दोन वर्गणी कालखंडांत (एक कालखंड सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांची वर्गणी असली की २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय देतं. तिच्या रजेच्या पगारापोटी कंत्राटदाराच्या खिशातून एक रुपया जाणार नाही. मग तिला घालवायची एवढी घाई कशाला? जागा भरून ठेवायचा त्रास नको, एवढंच.

आणखी एक. बाई कामाला लागतानाच हे लाभ तिला लेखी कळवणं २०१७ च्या दुरुस्तीने मालकाला बंधनकारक केलं. भाचीचं नेमणूकपत्र तीन पानांचं. गैरहजेरीचा दंड आहे, मोबाइल बंदी आहे, गणवेश हरवला तर किती कापणार तेही आहे. प्रसूतीबद्दल एक शब्द नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘अगं, चांगल्या हेतूनेच टाकलं.’’ हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्याची स्वतःची मुलगी नोकरी करते आणि तिने ही पोस्ट पुढे तिच्या तीन मैत्रिणींना पाठवली आहे. त्या तिघींना आता कोण सांगणार? पोस्ट काढून टाक आणि हे उत्तर त्याच ग्रुपवर टाक, असं मी त्याला सांगितलं आहे.

राजीनामा भाचीने पाठवला नाही. त्याऐवजी सोमवारी आम्ही दोघींनी बसून आठ ओळींचं पत्र लिहिलं. कंत्राटदाराच्या नावे, प्रत गोदामाच्या मूळ कंपनीला : मी गरोदर आहे, प्रसूतीची अपेक्षित तारीख ही, रजा या तारखेपासून, रजेनंतर मी कामावर रुजू होणार आहे, मी राजीनामा दिलेला नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि ईएसआयचा विमा क्रमांक. सुपरवायझरने पत्र हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाला, ठेवून जा. ती तिथेच उभी राहिली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडेपर्यंत पंधरा मिनिटं लागली, बसायला खुर्ची नव्हती. ती प्रत आता माझ्याकडे आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्या स्लिपांबरोबर. अजून त्यांच्याकडून लेखी काही आलेलं नाही. आलंच, तर त्या दिवसापासून ६० दिवस मोजायचे, आणि अर्ज मीच टाइप करणार आहे.