शिक्षक नसले तरी चालेल, टॅब द्या? नाही चालणार

“ताई, हे वाचलंत का? शनिवारी समितीत मांडायचं म्हणतेय.” मंगळवारी रात्री वहिनींनी एवढं लिहून खाली एक लांबलचक मेसेज चिकटवला. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. माझी भाची त्याच शाळेत तिसरीत शिकते. हा मेसेज आठवडाभरात मला आणखी चार ग्रुपवर आला होता आणि दरवेळी मी तो न वाचता सोडून दिला होता. आता त्यावरून आमदारांना द्यायचं निवेदन तयार होतंय म्हटल्यावर नीट वाचला, आणि झोप उडाली.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारने पहिलीपासून प्रत्येक मुलाला मोफत टॅब द्यावा. त्याने दप्तराचं ओझं जाईल, पुस्तकछपाईचा खर्च वाचेल, गरीब-श्रीमंत मुलांमधली दरी मिटेल. स्वीडनमध्ये पुस्तकं केव्हाच गेली, पेरूसारख्या देशानेही मुलांना लॅपटॉप दिले, आपणच मागे. आणि शेवटी ठळक अक्षरात: “टॅब असेल तर शिक्षक नसले तरी चालेल. एका शिक्षकाच्या वर्षाच्या पगारात शंभर टॅब येतात!”

दप्तराचा मुद्दा आधी उरकते. ओझं खरंच आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं राज्य सरकारने 2015 मध्येच सांगितलंय. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब वाटले, तेही हेच कारण सांगून. पण ओझं कमी करायला टॅबच लागतो असं नाही. बालभारतीने पुस्तकाचे चार भाग केले, तेव्हा मुलाला एका वेळी एकच भाग न्यावा लागू लागला. हा साधा उपाय होता. त्याला चार्जर लागत नाही.

छपाईच्या खर्चाचंही तसंच. पुस्तक एकदा छापलं की वर्षभर चालतं आणि धाकट्या भावंडालाही पुरतं. टॅबची काच फुटते, बॅटरी जाते, आणि आतला अभ्यासक्रम कुणीतरी चालू ठेवावा लागतो. आंध्र प्रदेशने डिसेंबर 2022 मध्ये आठवीच्या लाखो मुलांना टॅब दिले, त्यात बायजूज या खासगी शिकवणी कंपनीचा अभ्यासक्रम भरलेला होता. जुलै 2024 मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बालभारतीचं गणिताचं पुस्तक कुठल्या कंपनीच्या बॅलन्सशीटवर अवलंबून नसतं.

आता परदेशाचं. स्वीडनबद्दल मेसेजने जे लिहिलंय ते नेमकं उलट आहे. तिथल्या सरकारने 2023 मध्ये शाळांसाठी छापील पुस्तकं घ्यायला 68.5 कोटी क्रोनर काढले, कारण चौथीच्या मुलांचं वाचन घसरलं होतं. पर्ल्स या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत 2016 मध्ये स्वीडनचे गुण 555 होते, ते 2021 मध्ये 544 झाले. ही घसरण फक्त स्क्रीनमुळे झाली असं मी म्हणणार नाही, मधे कोरोनाही होता. पण ज्या देशाचं उदाहरण देऊन आपण पुस्तकं बंद करायला निघालोय, तो देश पुस्तकं विकत घेतोय, एवढं तरी पाठवणाऱ्याने बघायला हवं होतं.

पेरूवर मात्र थांबायलाच हवं. मेसेज लिहिणाऱ्याला ‘लॅपटॉप दिले’ इथपर्यंतच माहीत आहे. पुढे काय झालं ते कुणी विचारलंच नाही. पेरूने 2008 पासून खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांना लाखो लॅपटॉप दिले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी त्यातल्या 319 ग्रामीण शाळा पाहिल्या. काही शाळांना लॅपटॉप मिळालेले, काहींना नाही, आणि कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे तुलना सरळ होती. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे एकाहून जास्त यंत्र होतं, न मिळालेल्या शाळांत आठ मुलांत जेमतेम एक. साधारण सव्वा वर्षाने परीक्षा घेतली. गणितात फरक नाही. भाषेत फरक नाही. हजेरीतही नाही. यंत्रात दोनशे पुस्तकं भरून दिली होती, तरी मुलांची वाचायची सवय जिथल्या तिथेच. आकृत्या जुळवण्यासारख्या बुद्धीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, आणि तेव्हा काही लोकांनी तीच धरून ठेवली. दहा वर्षांनी पुन्हा मोठा अभ्यास झाला. त्यात मुलं संगणक वापरायला शिकली होती हे दिसलं, पण अभ्यासात आणि बुद्धीच्या चाचण्यांत फरक सापडला नाही. ज्या देशाने हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केला आणि मोजलाही, त्याचा निकाल हा आहे. तो झाकून ‘पेरूनेही केलं’ म्हणणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे.

दरीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. कोरोनात एका फोनवर तीन भावंडांनी शाळा केली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण आज चित्र वेगळं आहे. ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत 2024 मध्ये 14 ते 16 वयाच्या जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातल्या 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे यंत्र घरात आलंय, अभ्यास त्याच्या मागोमाग आपोआप आला नाही. याच पाहणीत स्वतःचा फोन मुलींकडे मुलांपेक्षा कमी दिसतो. अकरावी-बारावीच्या मुलीला जेईई-नीटच्या तयारीसाठी राज्य सरकारची महाज्योती संस्था देते तसा टॅब मिळाला तर माझी काहीच तक्रार नाही. तिला वाचता येतं, कशासाठी वाचायचं ते माहीत आहे. सहा वर्षांच्या पोराचं तसं नाही. याच असरमध्ये देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या चारातल्या एका मुलालाही दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही. त्या मुलाच्या हातात टॅब देऊन तो काय वाचणार?

आणि आता ते ठळक अक्षरातलं वाक्य, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

दिवाळीत गावी होते. भाची माझ्या टॅबवर वजाबाकी सोडवत बसली होती. 52 वजा 27. तिने 35 लिहिलं. टॅबने लाल फुली दाखवली, “पुन्हा प्रयत्न करा”, आणि खाली चार पर्याय दिले. तिने एकापाठोपाठ एक दाबले. तिसऱ्याला हिरवी खूण आली, टाळ्या वाजल्या, ती खूश होऊन पुढच्या गणिताकडे गेली. पुढच्यातही तेच. मी विचारलं, “35 कसं आलं गं?” म्हणाली, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, वर कुठला आणि खाली कुठला याचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन. “सात दे मला.” भाची दोन काड्यांकडे बघत राहिली. मग तिने हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. तोवर बाई पुढे एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

तिचं कुठे अडलंय हे त्या बाईंना दिसलं, टॅबला दिसलं नाही. चांगलं सॉफ्टवेअर असं शोधू शकतं, हेही खरं आहे. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या कार्यक्रमाची 619 मुलांवर परीक्षा झाली आणि साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली. पण तिथे मुलं टॅब घेऊन घरी जात नव्हती. आठवड्यातले सहा दिवस केंद्रात यायची, 45 मिनिटं संगणकावर आणि 45 मिनिटं लहान गटात माणसासमोर बसायची. तो निकाल टॅबवाटपाच्या नावावर खपवू नका.

वहिनींच्या शाळेत पट 43 आहे आणि त्या बाई सध्या एकट्याच पाच इयत्ता सांभाळतायत. दुसरे गुरुजी जूनपासून प्रतिनियुक्तीवर आहेत. बाईंना पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण हे सगळं करून वजाबाकी शिकवायची असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. ही मेहेरबानी नाही, त्या 43 पोरांचा कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि गावातल्याच पालकांनी सह्या करून वर पाठवायचं की शिक्षक नको, टॅब द्या? उद्या कुणी अधिकारी तोच कागद दाखवेल, “तुम्हीच लिहून दिलंय की.” मग दुसरे गुरुजी परत कुणाच्या तोंडाने मागणार?

त्याच शाळेच्या लाकडी कपाटात आठ टॅब आहेत, काही वर्षांपूर्वी एका दात्याने दिलेले. बाईंनी एक काढून दाखवला. बॅटरी फुगून काच एका कडेने वर आली होती. दुरुस्तीला तालुक्याला न्यायला पैसे कुठल्या खात्यातून काढायचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

हे सगळं मी वहिनींना फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “मग समितीत काय मांडू ते तरी सांगा.” काल रात्री दोघींनी मिळून ठराव लिहिला. विषय एकच: दुसऱ्या शिक्षकांची प्रतिनियुक्ती रद्द करून त्यांना शाळेवर हजर करणे. खाली कायद्याचं कलम 25 आणि 43 मुलांच्या पालकांच्या सह्यांसाठी जागा. एकवीस सह्या झाल्यात, बाकीच्यांसाठी वहिनी आज वरच्या वाडीला जाणार आहेत.