मशीन माळ्यावर, तोंडाला पट्टी

‘सीपॅप मशीन हा कंपन्यांचा धंदा आहे. 21 दिवसांत घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्निया मुळापासून बंद!’ हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार आणि सीपॅप म्हणजे त्यासाठी रात्री मास्कमधून हवा देणारं मशीन. फिरू दे म्हणून सोडून दिलं असतं, पण तो वाचून माझ्या मामाने मशीन माळ्यावर टाकलं आणि आता मामी रात्री जागून त्याचा श्वास चालू आहे ना बघत बसते.

मशीनने फुप्फुसं आळशी होतात, त्याचं व्यसन लागतं म्हणे. अहो, मशीन तुमच्या वतीने श्वास घेत नाही. त्यात वेगळा ऑक्सिजनही नसतो, खोलीतलीच हवा असते, जरा दाबाने सोडलेली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, ती या दाबाने उघडी राहते. 1981 साली सिडनीत डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी हे दाखवून दिलं, तत्त्व आजही तेच. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं, त्याला कोणी चष्म्याचं व्यसन म्हणतं का?

आता मुद्दा क्रमांक दोन, ज्याने माझं डोकं फिरलं. ‘रात्री तोंडाला पट्टी चिकटवा, नाकाने श्वास घ्यायची नैसर्गिक सवय लागेल.’ अडथळा घशात, आणि बंद काय करायचं, तर तोंड! मामाच्या नाकाचं हाड वाकडं, सर्दी बारमाही. अशा माणसाला रात्री तोंडाचाच आधार असतो. त्याने मेडिकलमधून कागदी चिकटपट्टी आणली, मिशीवर टिकेना म्हणून पार गालापर्यंत ओढून लावली. रात्री उलटी झाली तर काय करणार होता, देव जाणे. वर ‘घोरणं कमी झालं’ म्हणून स्वारी खूश. या आजारात घोरणं मध्येच थांबतं तेव्हा बऱ्याचदा श्वासच थांबलेला असतो. मग माणूस दचकतो, हबकून हवा ओढतो आणि आवाज पुन्हा सुरू होतो. शांतता ऐकून खूश कसले होता?

मेसेजमधले बाकीचे उपाय बघा. नाकात तूप घालून कोरडं नाक मऊ होईल, घशाचं काय? आणि झोपताना चमचाभर ब्रँडी सुचवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. दारूने घसा आणखी सैल पडतो.

राहिला रोज शंख फुंकायचा उपाय. इथे मेसेजवाल्याच्या हाती थोडं खरं लागलंय, नाइलाजाने मान्य करतो. जयपूरच्या डॉक्टरांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 30 रुग्ण, सगळे मध्यम तीव्रतेचे. साधारण निम्म्यांनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं शंख फुंकला. दिवसाची पेंग कमी झाली, तासाला चार-पाच अडथळे कमी झाले. आनंद आहे. पण मामाच्या रिपोर्टवर एएचआय 42 आहे, म्हणजे तासाला 42 वेळा श्वास अडतो किंवा अपुरा पडतो. त्यातून पाच वजा करा, उरले 37. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र. आणि हे सहा महिन्यांनी, 21 दिवसांत नव्हे.

वजन उतरवलं तर फरक पडतो, हेही खरं. पण ते उतरेपर्यंत रात्री काय करायचं?

मामाची खरी तक्रार मास्कची होती. कडेने हवा निसटून डोळ्यांवर येते, सकाळी घसा कोरडा पडतो. मास्कचं माप बदलून मिळतं, हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर जोडता येतो. मशीन अगदीच सोसत नसेल, तर जबडा पुढे धरणारं उपकरण दंतवैद्य मापाने बनवून देतात. ते मुख्यतः सौम्य-मध्यम आजारासाठी असलं, तरी किमान डॉक्टरांना विचारता येतं. मामीने अपॉइंटमेंट घेतली आहे. तोवर मशीन माळ्यावरून खाली काढायचं काम माझ्याकडे.