एक मासा जास्त

पारंपरिक धनुर्विद्या करणाऱ्या माणसाला एक माज असतो. नेम धरायची साइट नाही, धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही, कंपाउंड धनुष्यवाल्यांच्या त्या पुल्या तर नाहीतच. धनुष्य, दोरी, तीन बोटं आणि नजर, संपलं. हा माज मी बँकेत, लग्नकार्यात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा यथेच्छ मिरवला आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून तर लोक "तुम्ही कधी जाताय?" असंही विचारतात. अदिती कंपाउंड मारते, तो प्रकार वेगळा, शिवाय तिच्या आणि माझ्या वयात तीन दशकांचं अंतर आहे, हे समजावत बसण्यापेक्षा मी "बघू" म्हणते. दुसरा हटकून निघणारा विषय एकलव्याचा. आम्ही दोरी ओढतो ती तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांनी. अंगठ्याला त्यात काही काम नसतं. त्यामुळे कुणी गुरुदक्षिणा मागायला आलाच तर अंगठा मी हसत देईन. तर्जनी मागितली तर घरी विचारून सांगते म्हणेन.

पण या सगळ्या साधेपणात एक भानगड आहे. बाण.

अस्सल मंडळी लाकडी बाण मारतात. पोर्ट ऑरफर्ड सीडर नावाचं अमेरिकेतलं सुवासिक लाकूड त्यासाठी प्रसिद्ध आहे. वास खरंच छान येतो. पण लाकूड ते लाकूड. एका फळीतून काढलेल्या दोन दांड्यांचं वजन जुळेल तर शपथ. डझनभर दांड्या दहा ग्रेनच्या, म्हणजे पाऊण ग्रॅमहूनही कमी फरकाच्या, आत जुळवून दिल्या की विकणारा उपकार केल्यासारखे जास्त पैसे लावतो. ही कटकट नको म्हणून मी कार्बनचे शाफ्ट, म्हणजे पोकळ दांड्या, घेतले. वरून लाकडाच्या रेषा छापलेले, म्हणजे दहा फुटांवरून माजही शाबूत राहतो.

डब्यावर सगळं लिहिलेलं होतं. ५०० स्पाइन, हा ताठपणाचा आकडा. म्हणजे शाफ्ट २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायचा, मध्यभागी ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं, आणि तो अर्धा इंच वाकला पाहिजे. सरळपणा ०.००३ इंच. आणि वजन अधिक-उणे २ ग्रेन. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एका ग्रॅममध्ये जवळपास साडेपंधरा ग्रेन. त्यातले फक्त दोन! इतकी काटेकोर हमी मला लग्नातसुद्धा कुणी दिली नव्हती.

पहिला डझन गुणी निघाला. पण बाण खर्ची पडतात. पावसाळ्यात आमच्या मैदानावर गवत वाढलं की चुकलेला बाण मुळांशी शिरून आडवा होतो आणि चार पावलांवर असला तरी दिसत नाही. आम्ही त्यासाठी मेटल डिटेक्टरही आणला होता. त्याने बाण सोडून बाटल्यांची झाकणं, घोड्याचा नाल आणि कुणाचं तरी पैंजण शोधून दिलं. भात्यात बाण इतके कमी उरले की मी पुन्हा एक डझन मागवला. तोच नमुना, तोच आकडा, तेच छापील लाकूड. लांबलचक पुठ्ठ्याची नळी घेऊन कुरिअरवाला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पडद्याचे रॉड आले वाटतं." मी काही बोलले नाही. रॉडची किंमत त्यांना ठाऊक आहे.

नवे शाफ्ट २९ इंचांवर कापले. आत आट्यांचे इन्सर्ट चिकटवले, त्यांत १२५ ग्रेनची टोकं पिळून बसवली, टर्कीची पिसं लावली. जुने आणि नवे बाण शेजारी ठेवले तर आईनेही ओळखू नयेत. आणि मैदानावर गेल्यावर जुने मधे बसायला लागले आणि नवे खाली, डावीकडे. सारखे तिथेच.

धनुर्विद्येत कुठल्याही दुखण्याचं निदान एकच असतं: रिलीज, म्हणजे दोरी सोडताना बोटं उघडण्याची पद्धत. सर म्हणाले रिलीज. शेजारच्या लेनवरचा अकरावीतला मुलगा म्हणाला, "काकू, रिलीज." मैदानाचा राखणदार, ज्याने आयुष्यात धनुष्य उचललेलं नाही, तोही लांबून बोटं उघडून दाखवायला लागला. मी बरेच दिवस बोटं सैल सोडत राहिले. जुन्या बाणांना ती बोटं पसंत होती, नव्यांना नव्हती. शेवटी घरी येऊन, डब्यात उरलेला एक जुना कोरा शाफ्ट आणि एक नवा कोरा शाफ्ट, दोन्ही सारख्या लांबीचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. जुना १५ ग्रॅम. नवा १६. मग १५. मग पुन्हा १६. रव्याच्या लाडवांना हा काटा उत्तम आहे, पण पुढचं काम सोनाराचं होतं.

सोन्या मारुती चौकाजवळ आमचे घरचे सोनार आहेत. मी गेले तो दिवस नेमका गुरुपुष्यामृताचा निघाला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येक जण गुंजभर का होईना सोनं घ्यायला आलेला, आणि मी काखेत दोन काठ्या घेऊन उभी. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बोला वहिनी. मोडायचंय का करायचंय?"

"वजन करायचंय."

काकांचा काटा काचेच्या पेटीत असतो. वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून. त्या पेटीत मंगळसूत्र मावतं, २९ इंचांचा शाफ्ट मावत नाही. मग त्यांनी दोन्ही बाजूंची काचेची दारं सरकवली, पारड्यावर एक छोटी पितळी डबी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि डबीवर शाफ्ट आडवा टेकवला. दोन्ही टोकं पेटीबाहेर, एक माझ्या नाकासमोर आणि एक काकांच्या मुलाच्या. एसीच्या झोताने आकडा थरथरायला लागला. काका म्हणाले, "एसी बंद करा रे." गुरुपुष्याच्या गर्दीत एसी बंद झाला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "प्लॅटिनम आहे का?"

१५.२३. मग दुसरा: १६.२१.

काका पेढीवर बसले तेव्हा तोळे-मासे चालू होते, त्यामुळे ग्रॅममध्ये पाहतात पण विचार जुन्या मापात करतात. १८० ग्रेनचा तोळा, तोळ्याचे बारा मासे. म्हणजे एका माशात बरोबर १५ ग्रेन.

"एक मासा जास्त आहे," काका म्हणाले. "घट नाही, वाढ आहे. कुणाकडून केलंत?"

संध्याकाळी हे घरी सांगितलं आणि तिथून प्रकरण माझ्या हातातून गेलं. नवरा चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. गेली कित्येक वर्षं मी धनुर्विद्येबद्दल बोलायला लागले की तो पेपर उघडायचा. त्या दिवशी मिटला. शंभरांश ग्रॅमचा काटा ऑनलाइन मागवला, भर मे महिन्यात हॉलमधला पंखा बंद केला, प्रत्येक शाफ्टवर चंदेरी पेनाने नंबर घातले आणि एक्सेल उघडलं. सासूबाई घाम पुसत म्हणाल्या, "महाभारतात बरं कुणी वजन केलं नाही."

निष्कर्ष असा निघाला की जुना डबा आतल्या आत अधिक-उणे दोनमध्ये होता. नवा डबाही आतल्या आत अधिक-उणे दोनमध्ये होता. दोन्ही डबे आपापल्या शब्दाला जागले होते. फक्त दोघांचं एकमेकांशी काही बोलणं झालेलं नव्हतं.

"बॅच," नवरा म्हणाला. हा शब्द तो ज्या मायेने उच्चारतो त्या मायेने त्याने माझं नाव कधी घेतलेलं नाही. मग त्याने नळी कशी बनते ते सांगितलं. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड पोलादी सळीवर गुंडाळतात, वरून टेप आवळतात, भट्टीत भाजतात, सळी ओढून काढतात आणि बाहेरून घासून मापावर आणतात. कापडात राळ थोडी जास्त, घासणं थोडं कमी, वर छपाईचा थर जरा जाड, आणि इंचामागे अर्धा ग्रेन सहज चढतो. २९ इंचांचे झाले पंधरा. भिंत जाड झाली की शाफ्ट जरा ताठही होतो, आणि ताठ बाण उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे जातो. जड म्हणून खाली, ताठ म्हणून डावीकडे. माझी बोटं निर्दोष सुटली. अकरावीतल्या मुलाला हे ऐकवायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मैदानावर हजर होते.

दुकानदाराला फोन केला. अत्यंत सभ्य माणूस.

"मॅडम, दोन्ही डब्यांत अधिक-उणे दोनच आहे ना?"

"हो, पण..."

"मग?"

या "मग"ला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही.

आता उपाय. नव्या बाणाचं टोक हलकं केलं तर वजन जुळतं, पण पुढचा भार कमी झाला की बाण आणखी ताठ वागतो आणि आणखी डावीकडे पळतो. म्हणजे खालचा आजार बरा, डावीकडचा बळावला. दुसरा उपाय जुन्यांना जड करण्याचा. गवत कापायच्या यंत्रात नायलॉनची जाड दोरी असते, ती शाफ्टच्या पोकळीत सरकवायची. हे मी मनचं सांगत नाही, जगभरचे पारंपरिकवाले करतात. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "बाग केवढी आहे?" तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तुळस आहे, एवढंच म्हणाले. दोरी भरल्याने वजन जुळलं. डावीकडचं प्रकरण अर्थातच तसंच राहिलं, आणि भात्यात दोन्ही जातींचे बाण मुलाकडच्या आणि मुलीकडच्या वऱ्हाडासारखे आपापल्या बाजूला रेलून बसायला लागले.

नवरा तोवर गणितात शिरला होता. एवढ्या वजनाच्या फरकाने १८ मीटरवर बाण दोनेक सेंटिमीटर खाली बसतो, ३० मीटरवर पाचेक. चाळीस सेंटिमीटरच्या इनडोअर टार्गेटवर एका वर्तुळाची रुंदी दोन सेंटिमीटर. म्हणजे एक गुण. "आणि तुझा ग्रुप केवढा असतो?" त्याने पेन सरसावून विचारलं. ग्रुप म्हणजे सगळे बाण मिळून केवढ्या जागेत पडतात ते. चांगल्या दिवशी वीस सेंटिमीटर असतो. त्याने ते लिहून घेतलं आणि सुस्कारा टाकून पुढे लिहिलं: ऑपरेटर व्हेरिएशन, म्हणजे दोष मालाचा नाही, चालवणाऱ्याचा. त्याला म्हटलं, उद्या पोळ्यांचा व्यास मोजायला घे, मग बघू कोण ऑपरेटर.

खरी पंचाईत वेगळीच आहे, आणि ती एक्सेलमध्ये दिसत नाही. आम्ही साइटशिवाय मारतो म्हणजे नजर आणि हात आपसांत ठरवतात, डोक्याला विचारत नाहीत. पण दोरीत बाण अडकवताना खाली चंदेरी ७ दिसला की डोकं जागं होतं. सात म्हणजे नवा, नवा म्हणजे ताठ, जरा उजवीकडे धर. हात उजवीकडे जातो, बाण त्याच्याही उजवीकडे जातो आणि भिंतीत घुसतो. काहीच माहीत नव्हतं तेव्हा तो निदान टार्गेटच्या कागदाला तरी लागत होता. मी नेलपॉलिश रिमूव्हरने सगळे नंबर पुसले. नवऱ्याने यादी जपून ठेवली होती; त्याने पिसांच्या रंगांवरून आणि ओरखड्यांवरून रविवारच्या दुपारी ओळखपरेड घेतली आणि पुन्हा नंबर घातले. या वेळी न पुसणाऱ्या शाईने.

भिंतीत घुसलेले बाण परत वापरता येत नाहीत. कार्बनला तडा गेला असेल तर बाण सुटताना फुटून हातात घुसतो. त्यामुळे गेल्या महिन्यात तिसरा डझन मागवावा लागला. फोनवर मी दुकानदाराला म्हटलं, मागच्या वेळचे जड होते, जरा बघून द्या. त्याने खरोखरच बघून दिले. गोदामातले डबे स्वतः उघडून, वजन करून, चांगल्या मनाने निवडले. घरी आल्यावर काट्यावर ठेवले तर पहिल्या डझनापेक्षाही बारा ग्रेन कमी.

"मॅडम," तो म्हणाला, "हलके तुम्हीच मागितले होते."

नवऱ्याने एक्सेलमध्ये तिसरा रकाना उघडला आहे. पंखा बंद आहे. मी हार्डवेअरच्या दुकानात चालले आहे, बागेसाठी दोरी आणायला.