कॉशन : आधी हमी, मग सावधान

इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घराच्या दारात जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांनी साखळीला बांधलेला कुत्रा काढलेला आहे. त्याच्या पायाशी दोन लॅटिन शब्द आहेत, ‘कवे कनेम’. म्हणजे आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर असते तीच पाटी, कुत्र्यापासून सावध राहा. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाव गाडलं गेलं, म्हणून ती टिकली. यातला ‘कवे’ हा ‘कवेरे’ या क्रियापदाचा आज्ञार्थ. त्याच क्रियापदापासून ‘कौतिओ’ हे नाम झालं आणि त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला ‘कॉशन’.

या शब्दाचं मराठी आपण डोळे मिटून ‘सावधान’ असं करतो. पाटी असो, औषधाची बाटली असो, यंत्राची पुस्तिका असो. माझं म्हणणं असं की या सरसकट भाषांतरात शब्दाचा अर्धा अर्थ गळून पडतो, आणि काही ठिकाणी ती गळती माणसाच्या जिवाशी येते.

मुळापासून पाहू. ‘कवेरे’चा धातू ‘लक्ष देणे, नीट पाहणे, जाणणे’ या अर्थाचा. त्याच मुळातून संस्कृतातला ‘कवि’ आला. कवी म्हणजे आधी पद्य रचणारा नव्हे, तर जाणता, द्रष्टा. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क ‘निरुक्त’ या ग्रंथात कवीला ‘क्रान्तदर्शन’, म्हणजे पलीकडचं पाहणारा, म्हणतो तो याच अर्थाने. इंग्रजी ‘शो’ हाही याच घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पाहणे’ होता, ‘दाखवणे’ नंतर आलं. (योगायोग म्हणजे पाँपेईतल्या त्या घराला आज ‘शोकान्त कवीचं घर’ म्हणतात.) तेव्हा कॉशनच्या तळाशी भीती नाही, नजर आहे. आपलं ‘सावधान’ही तसंच : स + अवधान, लक्षासहित. इथवर दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने एक गोष्ट नोंदवली आहे. इ. स. पू. 55 मध्ये रोमन सेनापती क्रासस सैन्य घेऊन पूर्वेकडे निघाला, तेव्हा ब्रुंडिसियम बंदरावर कोणी अंजीरवाला ‘कौनेआस!’ असं ओरडत होता. कौनोस गावचे अंजीर, एवढाच त्याचा अर्थ. पण भराभर बोललं की ‘कवे ने एआस’, म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’, हेही तसंच ऐकू येतं. क्रासस गेला आणि इ. स. पू. 53 मध्ये कार्हेच्या लढाईत हरून मारला गेला. शकुनाचं सोडा, लोक हा शब्द बोलताना किती आखडून बोलत, याचा पुरावा म्हणून भाषाशास्त्रज्ञांना ही गोष्ट मोलाची वाटते. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. ते ऐकून निघाले, क्रासस न ऐकता निघाला.

दोन्ही शब्दांची वाट वेगळी होते ती रोमन कायद्यात. तिथे ‘कौतिओ’ म्हणजे हमी, तारण, जामीन. अल्पवयीन मुलाचा पालक ‘याची मालमत्ता सुरक्षित राहील’ अशी कौतिओ देई. सगळ्यात बोलका प्रकार ‘कौतिओ दाम्नी इन्फेक्ती’, म्हणजे अजून न झालेल्या नुकसानीची हमी. शेजाऱ्याचं घर मोडकळीला आलंय, पडलं तर माझी भिंत जाईल, अशी तक्रार घेऊन माणूस प्रेटरकडे, म्हणजे न्यायदान पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याकडे, जाई. प्रेटर घरमालकाला सर्वांसमक्ष वचन द्यायला लावी : घर पडलं तर भरपाई माझ्याकडे. मालकाने नकार दिला, तर तक्रारदाराला त्या घरातच ताबेदार म्हणून बसवलं जाई. तरीही मालक हलला नाही, तर दुसऱ्या हुकुमाने घर हातचं जाऊ शके. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत पडक्या इमारतींवर ‘धोकादायक’ अशी नोटीस चिकटते, तो इशारा. कौतिओ इशाऱ्यापाशी थांबत नव्हती. कोणाचं काय पणाला लागणार, हे ती आधीच ठरवून टाकत होती.

इंग्रजीत हा शब्द 1300च्या सुमारास शिरला तो हमी आणि तारण हाच अर्थ घेऊन. ‘सूचना, इशारा’ हा अर्थ 1600च्या आसपासचा आणि ‘सावधपणा’ त्याच्याही नंतरचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा. म्हणजे सुमारे तीनशे वर्षं इंग्रजीत कॉशन हा पैशाचा आणि वस्तूंचा मामला होता. मध्ययुगीन ऑक्सफर्डमध्ये गरजू विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या पेट्या असत. विद्यार्थी पुस्तक गहाण टाकी आणि त्या हस्तलिखिताच्याच पानावर ‘कौतिओ’ म्हणून नोंद होई : कोणाचं, कोणत्या पेटीत, किती रकमेला. अशा नोंदी असलेली हस्तलिखितं आजही आहेत.

तो जुना अर्थ मेलेला नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात ‘कॉशन’ म्हणजे जामीनकी, आणि तिथले वकील उच्चार करतात ‘केशन’. फ्रान्समध्ये भाड्याच्या घरासाठी ‘कोसिआँ’ लागते, जर्मनीत ‘काउत्सिओन’. पोर्तुगीजांचा ‘काउसांव’ हाही तारणाचाच. आणि आपल्याकडे कॉलेजच्या माहितीपत्रकात फीच्या तक्त्याखाली असते ती ‘कॉशन मनी’. पालक त्याला ‘डिपॉझिट’ म्हणतात, जुनी माणसं ‘अनामत’. अनामत हा अरबी ‘अमानत’चा मराठी अवतार, विश्वासाने सोपवलेली ठेव. माझ्या मते कॉशनच्या पहिल्या अर्थाला मराठीत याहून नेमका शब्द नाही. ही रक्कम बुडते ती बहुधा तीन कारणांनी : मूळ पावती हरवते, ‘नो ड्यूज’ दाखल्यावर ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेची सही राहून जाते, किंवा माहितीपत्रकात दिलेली अर्जाची मुदत उलटते. शेवटच्या निकालाच्या आठवड्यातच अर्ज करावा.

याच क्रियापदाचं आणखी एक रूप आपल्या कोर्टांत रोज ऐकू येतं : ‘कॅव्हेट’, म्हणजे ‘त्याने सावध असावं’. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976च्या दुरुस्तीने कलम 148-अ आलं. समोरचा माणूस तुमच्या माघारी मनाई हुकूम मागेल अशी शंका असेल, तर तुम्ही आधीच कॅव्हेट दाखल करता आणि ज्याच्याकडून अर्ज अपेक्षित आहे त्याला पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने तशी नोटीस पाठवता. मग अर्ज आला की कोर्ट तुम्हाला कळवतं. हिची मुदत 90 दिवस. तेवढ्यात अर्ज आला नाही, तर नवी दाखल करावी लागते. लोक चुकतात ते इथेच : एकदा कॅव्हेट लावली की कायमची, असं समजतात. दुसरी चूक म्हणजे तिला स्थगिती समजणं. कॅव्हेट दावा अडवत नाही, फक्त ‘मला ऐका’ एवढंच म्हणते.

‘केअरफुल’ आणि ‘कॉशस’ हे शब्दकोशात शेजारी असले तरी घराणी वेगळी. ‘केअर’ जुन्या इंग्रजीत दुःख आणि चिंता होती (लॅटिन ‘कुरा’शी तिचं नातं नाही, सारखेपणा वरवरचा). आपल्या ‘काळजी’तही चिंता आणि निगा दोन्ही आहेत, म्हणून केअरला काळजी चपखल बसते. कॉशनला बसत नाही. नुसती चिंता करणारा माणूस कॉशस नसतो. काय बिघडेल हे पाहून त्याची तजवीज करणारा कॉशस.

आता पाट्या. अमेरिकी झेड 535 या सुरक्षा-मानकात तीन शब्दांची उतरंड ठरलेली आहे. ‘डेंजर’, लाल : टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वॉर्निंग’, नारिंगी : होऊ शकते. ‘कॉशन’, पिवळा : किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. यंत्रांच्या मराठी पुस्तिकांत तिन्हींना ‘सावधान’ छापलं की कामगाराला बोट चेमटणं आणि विजेचा जीवघेणा झटका एकाच पट्टीवर दिसतात. ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘जपून’ असे तीन शब्द नेमून द्यावेत. ते रोजच्या बोलण्यातले आहेत आणि त्यांचा चढ-उतार ऐकताच कळतो.

रेल्वेने हे काम चोख केलंय. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा. मधे दोन पिवळे म्हणजे ‘अटेन्शन’ : पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेव. एक पिवळा म्हणजे ‘कॉशन’ : पुढच्या थांबा-सिग्नलला उभं राहायच्या तयारीने जा. रुळाचं काम चालू असेल, पूल कच्चा असेल, तर लोको पायलटला लेखी ‘कॉशन ऑर्डर’ मिळते. तिच्यात कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, किती वेगाने आणि कशासाठी हे लिहिलेलं असतं. ‘जपून चालवा’ असं मोघम तिथे चालत नाही.

सगळ्यात नाजूक जागा शेतातली. 1971च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल अतिविषारी, कवटीच्या खुणेसह ‘पॉइझन’, पिवळ्यावरही ‘पॉइझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. ही प्रतवारी तोंडावाटे पोटात गेलेलं औषध धरायचं तर मारक मात्रेवर (प्रयोगातले निम्मे प्राणी ज्याने मरतात ती) आहे : लाल शरीराच्या वजनाच्या किलोमागे 1 ते 50 मिलिग्रॅम, पिवळा 51 ते 500, निळा 501 ते 5000, हिरवा त्याहून जास्त. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारताना औषध श्वासावाटे आणि घामाने भिजलेल्या अंगातून तासन्‌तास आत जात राहतं, आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली की एकेका डब्यावरचा त्रिकोण त्या मिश्रणाबद्दल काही सांगत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यासोबतच्या घडीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. मळमळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं की फवारणी तिथेच थांबवावी, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावं, आणि दवाखान्यात जाताना ते घडीपत्रक किंवा डब्यावरचं लेबल बरोबर न्यावं. दोन औषधं मिसळली असतील, तर दोन्हींचं.