आमच्याकडे झोपाळा नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

मागच्या लेखात मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातल्या दासाबद्दल लिहिलं होतं. इब्री दासाने ठरलेली वर्षं चाकरी केली की तो मोकळा. पण 'माझं धन्यावर प्रेम आहे, मला जायचं नाही' असं तो म्हणाला, तर धनी त्याला दाराच्या चौकटीपाशी नेतो, आरीने त्याचा कान टोचतो आणि तो कायमचा त्या घरचा होतो. देवापुढे माणसाची स्वेच्छा कशी असते ते मला या चित्रात दिसतं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर 'एक कोकणी वाचक' अशा सहीने ही प्रतिक्रिया आली:

"सर, वाडीत झोपाळ्यावर बसून गुलामीला 'आपखुशी' म्हणणं सोपं असतं. त्या दासाची बायको-पोरं धन्याच्याच मालकीची राहणार, त्याने एकट्याने बाहेर पडायचं. मग तो 'मला जायचं नाही' म्हणतो, ही खुशी की कोंडी? लेवीय २५ मध्ये परक्यांना विकत घेऊन मुलाबाळांना वारसाने द्यायची परवानगी आहे, त्यावर तुम्ही अवाक्षर काढत नाही. मिसरच्या राजाचं, फारोचं मन देवच कठीण करतो, तर फारोचा गुन्हा काय? आणि मोकळीक सातव्या वर्षी मिळते, सहाव्या नाही, एवढं तरी नीट वाचा. तुम्ही विचार करत नाही, वकिली करता."

आधी सातवं वर्ष. तुमचं बरोबर आहे. सहा वर्षं चाकरी, सातव्यात सुटका. मी घाईत 'सहाव्या वर्षी' लिहून गेले होते. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'सर'. मी बाई आहे. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं रविवारची मिस्सा संपल्यावर मुलांना धर्मशिक्षण दिलं. ब्लॉगच्या माथ्यावर नाव आहे, चांगलं ठळक. ज्यांना लेखिकेचं नाव वाचायला सवड झाली नाही त्यांनी 'नीट वाचा' म्हणावं, याची गंमत वाटली. असो, ते सोडून देते.

झोपाळा मात्र सोडून देता येत नाही.

आमच्याकडे झोपाळा नाही. कधीच नव्हता. वाडी आहे, म्हणजे वाडीचा उरलेला तुकडा. चार केळी, दोन माड, आणि बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, होतं तिथे आता शेजाऱ्याची इमारत. वसई म्हटलं की बाहेरच्यांना हिरव्या वाड्या, लाल लुगडी आणि ओटीवर झुलणारी सुखी माणसं दिसतात. त्या वाड्या शिंपल्या कोणी, हे कोणी विचारत नाही. माझ्या आजोबांनी शिंपल्या. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या.

पणजोबांनी थोरल्या मुलीच्या लग्नासाठी एकशेदहा रुपये उचलले. ते फिटेनात, म्हणून बारा वर्षांच्या धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, सावकाराच्या वाडीवर गडी म्हणून ठेवलं. पहाटे चारला रहाटाला बैल जुंपायचे, पाट फिरवायचे, पानवेलीच्या ओळी भिजवायच्या, दुपारी भाकरी, पुन्हा रहाट. मजुरी वहीत जमा व्हायची आणि वहीतच व्याजात वळती व्हायची. सतरा वर्षं. गावचे लोक त्यांना त्यांच्या नावाने ओळखत नसत, 'अमक्यांचा गडी' म्हणत. तो अमका हिंदू सावकार होता असं समजून कोणी टाळ्या वाजवायला नकोत. तो आमच्यातलाच, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं आमच्या शेजारी राहतात आणि भली माणसं आहेत.

देणं फिटलं तेव्हाची फारखती माझ्याकडे आहे. बाप्तिस्म्याचे दाखले ठेवतो त्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी. वीतभर कागद, मोडीतल्या पाच ओळी, खाली अंगठ्याचा ठसा. ठशाच्या डाव्या कडेला शाई ओघळली आहे, म्हणजे अंगठा टेकवताना हात हलला असणार. मला मोडी येत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांकडून वाचून घेतली तेव्हा कळलं की त्यात 'आता काही येणे नाही' एवढंच पाच वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलंय. त्यामुळे, महाशय, गुलामी म्हणजे काय हे मला तुमच्या चार ओळींतून शिकायचं नाही.

आणि ऐका, आजोबा त्या वाडीवर पुढे आणखी अकरा वर्षं राहिले. कागद हातात आल्यावर. स्वतःच्या मनाने. लेखात 'आपखुशी' हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे चौकटीपाशी उभे असलेले तेच होते. परवा तुमची प्रतिक्रिया मी आत्याला वाचून दाखवली. ती नव्वदीला आली आहे. म्हणाली, "जाणार कुठे? खोपटं त्यांच्याच जमिनीत होतं." आत्याचं बोलणं पहिल्यापासून तिखट. बाबांनी कधी असं सांगितलं नाही.

आता कोंडीबद्दल. तुम्ही चौथी ओवी उद्धृत केलीत, तिसरी गाळलीत. दास बायकोसह आला असेल तर बायको त्याच्यासोबत जाते, असं तिसरीत आहे. धन्याने दिलेली बायको असेल तरच ती आणि मुलं मागे राहतात. ते मला आवडतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण त्याच अध्यायात माणूस चोरून विकणाऱ्याला देहान्त सांगितलाय, तेही सांगा ना. मारून दासाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर तो त्याबद्दल मोकळा होतो, तेही सांगा. बायबलच्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दासाला सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं दे, तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास याची आठवण ठेव, असं बजावलंय. तेविसाव्यात तर पळून आलेला दास धन्याच्या हवाली करायचा नाही, त्याला आवडेल त्या गावात राहू द्यायचं. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत पळालेला गुलाम घरात लपवणाऱ्याला देहदंड होता. शेजारी असा कायदा चालू असताना इकडे 'त्याला आवडेल त्या गावात' लिहिलं जातं, यात तुम्हाला काहीच दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

(निर्गमच्या त्याच एकविसाव्या अध्यायातल्या विसाव्या-एकविसाव्या ओव्या तुम्ही काढल्या नाहीत. दास माराने लगेच मेला तर शिक्षा, एक-दोन दिवस जगला तर नाही, कारण तो धन्याचा पैसा. मुलांना शिकवताना त्या ओव्या मी नेहमी भरभर वाचून पुढे जायचे.)

लेवीय. ते तिथे आहे, मी ते फाडून टाकलेलं नाही. त्यावर वेगळा लेख होईल. सवड मिळाली की लिहीन.

वकिलीचं म्हणाल तर वकील अशिलाच्या भानगडी झाकतो. मी काय झाकलं? १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचं गुलाम करण्याची मुभा दिली, हे याच ब्लॉगवर दोन वर्षांपूर्वी लिहिलंय. त्याच पोर्तुगालचं राज्य १५३४ पासून १७३९ पर्यंत आमच्या वसईवर होतं आणि किल्ल्यातल्या घरांमध्ये विकत घेतलेले गुलाम राबत होते. ज्या धर्मगुरूंनी आमच्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला त्यांना ते दिसत नव्हते असं मी म्हणत नाही. लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापलं, त्यातून इस्राएल मिसरातून सुटून जातात तो भागच काढून टाकला होता. हेही वर्गात सांगितलंय. एका मुलाने तेव्हा विचारलं, "बाई, मग त्या पुस्तकात मोशे काय करतो?" मला हसू आवरेना. पण तो भाग कापावा लागला यातच सगळं आलं, नाही का? बायबल नुसतं धन्याच्या बाजूचं असतं, तर कात्री कशाला लागली असती? चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी भर प्रवचनात विचारलं होतं की देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाची किंमत किती नाण्यांत करणार. आमच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आज गुलामी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नको' खाली, पाप म्हणून मांडली आहे. उशीर झाला, खूप झाला. कबूल.

पण 'कोकणी वाचक' म्हणवता म्हणून विचारते, पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विसरलात का? माणसांवरची मालकी आपल्याकडच्या न्यायालयांनी मानायची नाही, हा कायदा १८४३ चा. त्यानंतर शंभर वर्षांनीही इथून पुढे डहाणू-तलासरीकडे वारली माणूस लग्नासाठी कर्ज काढायचा आणि ते फेडायला नवराबायको जमीनदाराकडे राबायची. 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी तिथे लढा उभारला तेव्हा ते थांबायला लागलं. 'हे तुमच्याच पुस्तकातलं' असं बोट दाखवताना उरलेली बोटं कुठे वळतात ते बघावं. हे जरा जोरात झालं, पण राहू दे.

फारोचा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. तो तुम्ही नीट विचारला असतात तर हे सगळं पत्र त्याच्यावरच लिहिलं असतं. इस्राएलला सोडायला फारो नकार देतो आणि देव मिसरावर एकामागून एक पीडा पाठवतो, ती ही गोष्ट. निर्गम वाचताना क्रियापदाच्या कर्त्याकडे लक्ष द्या, मराठीच्या बाईची सवय. पहिल्या पाच पीडांपर्यंत 'फारोचं मन कठीण झालं' किंवा 'फारोने आपलं मन कठीण केलं' असंच येतं. सहाव्या पीडेला, गळवं उठतात तेव्हा, पहिल्यांदा 'परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं' असं येतं. सातवीनंतर गारा थांबल्या की पुन्हा फारोच कर्ता. (मी त्याचं मन कठीण करीन, असं देव चौथ्या अध्यायातच मोशेला सांगून ठेवतो, हे तुम्ही म्हणालच, म्हणून मीच म्हणून टाकते.)

आजोबांचा एक म्हातारा बैल होता. रहाटाला जुंपताना त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधायचे. बाबा सांगायचे, शेवटच्या वर्षी तो कामाचा उरला नव्हता. झापडं काढून, दोरी सोडून त्याला मोकळं केलं तरी तो विहिरीभोवतीच्या त्याच वाटेवर फिरत राहायचा. पायाखालची ती वाट त्यानेच खोल केली होती. मला फारो असा दिसतो. पाच वेळा नाही म्हटल्यावर सहाव्यांदा हो म्हणायची ताकदच त्याच्यात उरली नाही, आणि लिहिणाऱ्याने त्याला 'परमेश्वराने कठीण केलं' म्हटलं. प्रेषित पौल रोमकरांना लिहिताना याच फारोला घेऊन बसतो आणि कुंभार मातीचं हवं ते घडवतो, हा दाखला देतो, तिथे आम्हा ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. कॅथलिक विद्वान इरास्मसने १५२४ साली इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला, तर प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं की माणसाची इच्छा बद्ध आहे, दास आहे. पाहिलंत ना, शब्द तोच. कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं की आदामाच्या पापानंतरही माणसाची इच्छा विझलेली नाही, दुबळी झाली आहे. मी त्रेंतच्या बाजूची, जन्माने आणि बैलामुळेही.

आणि ज्यासाठी मी मूळ लेख लिहायला घेतला होता, पण कान टोचण्याच्या नादात जे राहून गेलं, ते पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. अवघ्या पंचवीस ओव्या. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, धन्यापासून दूर जाऊन तुरुंगातल्या पौलाजवळ पोचलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो की त्याला आता दास म्हणून घेऊ नको, प्रिय भाऊ म्हणून घे. 'गुलामी बंद करा' असं का नाही लिहिलं, हा तुमचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. पण चौदावी ओवी बघा. पौल म्हणतो, याला मी इथेच ठेवून घेतलं असतं, पण तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं. तुझं चांगुलपण सक्तीचं नसावं, खुशीचं असावं. त्याआधी, आठव्या ओवीत, मी तुला हुकूम करू शकलो असतो असंही तो ऐकवतो. साखळदंडात बसलेला माणूस घरच्या धन्याला, तुझ्यावर सक्ती करत नाही, असं लिहितोय. पत्र घेऊन दारात उभा आहे तो दास. मी हे पत्र दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, वाचते आणि दर वेळी माझी नजर अनेसिमाच्या हातावर जाते. त्याला वाचता येत होतं का? पत्रात काय आहे ते माहीत असूनही तो चालत राहिला का? त्याची खुशी पौलाने विचारली का, ते पत्रात नाही.

फिलेमोनाने काय केलं, तेही बायबलमध्ये कुठे नाही.

तुमचं उत्तर मात्र येऊ द्या. नावानिशी लिहिलंत तर बरं, आणि 'सर' म्हणू नका.