कॅम्डेनचे ड्राइव्ह-इन : फॉरवर्डमधली गोष्ट आणि नोंदींमधली गोष्ट

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर उन्हाळा लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या राज्यातल्या कॅम्डेन शहराजवळ ६ जून १९३३ रोजी रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ड्राइव्ह-इन चित्रपटगृह उघडले आणि मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची प्रथा जगात प्रथमच सुरू झाली, स्थूल आईला चित्रपटगृहाची खुर्ची पुरेना म्हणून त्यांना ही युक्ती सुचली, पेटंटवर ते गडगंज झाले, पुढे टीव्हीने या धंद्याचा गळा घोटला, आता न्यू जर्सीत असे एकही चित्रपटगृह नाही आणि भारतात तर ही कल्पना २०२१ साली पहिल्यांदा पोचली. तारीख आणि नाव बरोबर आहे. उरलेले मुद्दे मात्र एकेक करून तपासावे लागतात.

मोटारीतून सिनेमा पाहण्याची सुरुवात कॅम्डेनला झाली नाही. न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेस गावी १९१५ साली सुरू झालेल्या एका उघड्या चित्रपटगृहात खुर्च्यांबरोबर मोटारी उभ्या करण्याचीही सोय होती. हॉलिंग्जहेड यांचे वेगळेपण जमिनीच्या रचनेत होते. रिव्हर्टन येथील घरासमोर त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा बांधला, त्यामागे रेडिओ लावला आणि एकामागे एक मोटारी उभ्या करून पाहिल्या. मागच्या मोटारीतल्या माणसाला पडद्याऐवजी पुढच्या मोटारीचे टपच दिसते, ही खरी अडचण होती. पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून त्यांनी मोटारीचे तोंड वर उचलले आणि किती उंचीला किती अंतर सोडावे लागते याचा हिशेब मांडला. १६ मे १९३३ रोजी मिळालेले पेटंट, क्रमांक १९०९५३७, मुख्यतः याच रचनेचे आहे : पडद्याभोवती अर्धवर्तुळाकार रांगा आणि प्रत्येक रांगेत मोटारीचे नाक वर राहील असा मातीचा चढ.

आईची गोष्ट नंतरच्या आठवणींतून आलेली आहे. ती खोटीच आहे असा माझा दावा नाही. पण मोटारींना लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या कुटुंबाच्या धंद्यातला हा माणूस मोटारीतल्या गिऱ्हाइकाचा विचार करत होता, हे कारणही पुरेसे आहे. त्यांच्या जाहिरातीत मुले कितीही गोंगाट करोत, सगळ्या कुटुंबाचे स्वागत आहे, अशा अर्थाचे आश्वासन होते. त्या माउलीला दर उन्हाळ्यात या गटांवर तोलण्याचे काहीच कारण नाही.

गडगंज होण्याची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. सुमारे ४०० मोटारींची जागा, मोटारीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट असा दर असूनही कॅम्डेनचे ते चित्रपटगृह जेमतेम तीन वर्षे चालले. आवाज पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांतून येई. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या मोटारीपर्यंत तो पोचायला सुमारे पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे नटाचे ओठ आधी हलणार आणि शब्द मागाहून येणार. शिवाय शेजाऱ्यांना फुकटचा त्रास. खिडकीला अडकवायचा छोटा स्पीकर १९४० च्या दशकात आला. पेटंटचे म्हणाल, तर १९४९ साली अपील न्यायालयाने ते रद्दच ठरवले, कारण उतारावर अर्धवर्तुळात प्रेक्षक बसवणे ही नाट्यगृहांची जुनीच रीत होती. तसेही त्याची सतरा वर्षांची मुदत पुढल्याच वर्षी संपणार होती.

टीव्हीचा मुद्दा जरा सावकाश पाहिला पाहिजे, कारण तो ऐकायला फार पटतो. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता आणि १९६० पर्यंत तो दहापैकी जवळजवळ नऊ घरांत पोचला. नेमक्या त्याच दशकात ड्राइव्ह-इन वाढत गेली आणि १९५८ च्या सुमारास त्यांची संख्या ४,००० च्या वर गेली. टीव्हीने बंद पाडली असती, तर ती तेव्हाच पडायला हवी होती. त्यांना खरा धक्का जमिनीने दिला. एका ड्राइव्ह-इनला दहा-पंधरा एकर लागत, तीही उत्तरेकडच्या राज्यांत वर्षातले काही महिने आणि दिवसातले काही तासच कमाई देणारी. शहराच्या वेशीवरची ही स्वस्त शेतजमीन उपनगरे पसरल्यावर सोन्याच्या भावाची झाली. मालकाला सिनेमा दाखवण्यापेक्षा जागा विकणे परवडू लागले. त्यात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेण्याची पद्धत १९६७ पासून बहुतेक राज्यांत एकसारखी लागू झाली. जूनमध्ये आपल्याकडे पुरता अंधार पडायला नऊ वाजतात. ज्या कुटुंबासाठी हा खेळ होता, त्यातली पोरे तोवर पेंगू लागतात. व्हिडिओ कॅसेट आणि केबल ही त्यानंतरची भर.

न्यू जर्सीत आता एकही नाही, हे विधान १९९१ ते २००४ या काळापुरते बरोबर होते. हॅझलेटचे ड्राइव्ह-इन १९९१ मध्ये बंद झाले. पण व्हाइनलँडचे डेल्सी, जे १९४९ साली सुरू होऊन १९८७ मध्ये बंद पडले होते, ते २००४ मध्ये पुन्हा उघडले आणि आवाज आता मोटारीतल्या एफएम रेडिओवर येतो. हे घडले ते राज्याच्या दक्षिण टोकाकडे, भाजीपाल्याच्या शेतांच्या टापूत, हेही लक्षात घ्यावे.

भारताबद्दल दोनच ओळी पुरेत. अहमदाबादचे ड्राइव्ह-इन १९७३ चे आहे, आणि मुंबईत वांद्र्याचे १९७७ ते २००३ चालले. २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते इमारतीच्या गच्चीवर, कारण मोकळी जमीन तिथे आता कोणालाच परवडत नाही.