टेबलबेस बंद करून बघा
बुद्धिबळाच्या इंजिनाने (खेळी शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) अंत्यखेळातली अवघड खेळी क्षणात शोधली, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पण पटावर सहाच मोहरी होती! सिझिजी टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) जोडलेला असेल तर सात मोहऱ्यांपर्यंतचं उत्तर तयारच असतं, त्यात इंजिनाची कसोटी लागत नाही. तो बंद करून पुन्हा तपासा, प्लीज.

इंजिन तपासायला मी आधी ही स्थिती लावतो: पांढरा राजा एफ५, प्यादं ई४, काळा राजा डी४, प्यादं ई५. ज्याची पाळी तो हरतो. 'पाळी सोडली तरी आपण वरचढ, मग खेळ्यांची ही फांदी छाटा' हा नल मूव्हचा (शोध लवकर आटपायच्या युक्तीचा) हिशोब इथे साफ फसतो. म्हणून नुसती राजा-प्यादी उरली की चांगली इंजिनं तो वापरतच नाहीत.

आणि खेळी कितव्या डेप्थला (किती खेळ्या पुढे बघताना) सापडली, पुढे टिकली का, तेही लिहा.